उरलेल्याचं अर्धं

आल्बर्ट सरांनी आजवर एकाही पाहुण्याला धड बसस्टॉपपर्यंत पोचवलेलं नाही, आणि एकालाही वेळेवर बस मिळू दिलेली नाही. ही दोन्ही कामं एकाच माणसाला कशी जमतात, हे कळायला त्यांच्या शेजारी राहावं लागतं. मी राहिले आहे.

गिरगावातली जागा सोडून आम्ही राजोडीच्या अलीकडच्या या गावात आलो, तेव्हा सर शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. बायको वारलेली. घरात ते आणि मुलगी लवीना. जन्मभर गणित शिकवलेलं, आणि निवृत्तीनंतरही ते कुणावर तरी उगवणं भागच होतं.

पहिला नंबर माझ्या सासूबाईंचा लागला. त्या आमच्याकडे राहून परत निघाल्या, तर सर आपणहून पोचवायला आले. मला केवढं कौतुक वाटलं! वाटेतल्या क्रुसापाशी त्यांनी हात जोडले. अर्धा रस्ता झाला, निरोप घेतो म्हणाले. आम्ही जरा पुढे गेलो तर मागून चपलांचा आवाज. सर पुन्हा हजर. बावखलाच्या, म्हणजे गावातल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाशी उरलेल्याचं अर्धं झालं. पुन्हा नमस्कार, पुन्हा गुडघेदुखीची चौकशी. मग पिठाची गिरणी. मग विजेचा खांब. सासूबाई जुन्या वळणाच्या, समोरच्याने हात जोडले की पिशवी खाली ठेवून त्याही जोडायच्या. शेवटी तर दोघं जागच्या जागीच एकमेकांना नमस्कार करत होते. बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. सर मात्र स्टॉपच्या फरशीच्या एक पाऊल अलीकडे, अगदी समाधानात. घरी येऊन मी भांडी आपटली.

याचं मूळ एका बेरजेत होतं. अर्धा शेर घ्या, त्यात पावशेर घाला, मग अदपाव, मग छटाक, असं निम्म्यानिम्म्याने घालतच राहा, कधीही थांबू नका. या बेरजेचं उत्तर काय? कुणीही शहाणा माणूस म्हणेल, जवळजवळ एक शेर. असं म्हटलं की सर पेटत. "जवळजवळ म्हणू नका! बरोब्बर एक शेर. रतीभर कमी नाही." 'जवळजवळ' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. पाचूबंदरची कोळीण दारात येऊन "सर, आताच पान्यातनं काढलंय, जवळजवळ जितं हाय" म्हणाली, तर जितं आणि मेलं यांच्यामध्ये काही नसतं, हे तिला पटवता पटवता त्यांनी बाईची टोपली उन्हात ठेवली. ती त्यांना काय म्हणाली ते इथे लिहिता येत नाही, पण मी तिच्या बाजूने होते.

एकदा मीही त्यांना पकडलं. बेरीज बरोब्बर पुरी होते, तर तुम्ही स्वतः स्टॉपला का पोचत नाही? सर शांतपणे म्हणाले, "एकेक टप्पा मोजणारा माणूस पोचत नाही, वहिनी. बेरीज पोचते." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग लवीनाची न्यूझीलंडला जायची वेळ आली. नर्सची नोकरी, आणि जाणं कायमचं. पप्पांनी निदान विमानतळापर्यंत यावं, एवढंच तिचं मागणं होतं. सर म्हणाले, नाक्यावरच्या स्टॉपपर्यंत येईन. पोर माझ्याकडे येऊन रडली. मला असा संताप आला म्हणता! जन्मदात्या बापाने एकुलत्या एका लेकीला नाक्यावर वाटेला लावायचं?

त्या दिवशी दारात गाडी आली, तर सरांनी ती सामानासकट पुढे स्टॉपवर पाठवली आणि लेकीला चालत नेलं. तिच्या हातातली पिशवी घेऊन मी मागून. क्रुसापाशी थांबले, बावखलापाशी थांबले, गिरणीपाशी थांबले. लवीना प्रत्येक ठिकाणी गळ्यात पडत होती आणि तिकडे ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. खांब झाला, त्याच्याही पुढे झालं. स्टॉपच्या एक पाऊल अलीकडे सर नेहमीसारखे खिळले. लवीना गाडीत बसली.

माझा तोल सुटला. "सर, लेक चाललीय. एक पाऊल टाकलंत तर काय बिघडणार आहे?"

मला वाटलं, आता पेटतील. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बेरीज पुरी होते, हे मीच शिकवलंय ना, वहिनी. पुरी झाली की पोर गेली. थोडं उरलंय तोवर मी तिला अजून पोचवतोच आहे."

गाडीची काच खाली होती. लवीना उतरली. ते पाऊल ती स्वतः मागे चालून आली, बापाचा हात कपाळाला लावला, आणि वळून गाडीत जाऊन बसली. गाडी आगाशीच्या दिशेने दिसेनाशी झाली.

मी म्हटलं, चला सर, घरी जाऊ. ते म्हणाले, जरा थांबू. आम्ही उभे राहिलो. बस आली, कंडक्टरने आमच्याकडे पाहून घंटी मारली, बस गेली. सरांचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की पाढे, मी विचारलं नाही. त्यांच्यावर काढायला माझ्याकडे आता राग उरला नव्हता. चीड आली होती ती त्या बेरजेची. इतकं बरोबर असायची तिला काय गरज होती?