फक्त माहितीसाठी

दुपारी बँकेच्या मॅडम येईपर्यंत भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल रंग दिसता कामा नये, असं गार्गीने सकाळीच केयूरला बजावलं.

पवईच्या त्या ऑफिसात बसून एका सहकारी बँकेच्या सगळ्या शाखांच्या नेटवर्कवर लक्ष ठेवलं जाई. शाखांमधली यंत्रं दिवसभर निरोप पाठवत. कुठे पंखा बंद पडला, कुठे वायर निघाली, कुठे कोणी पासवर्ड चुकवत बसलं. आलेल्या प्रत्येक निरोपाला रंग द्यायचा. लाल म्हणजे गंभीर, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, पांढरा म्हणजे फक्त माहितीसाठी. कशाला कोणता रंग, याचे नियम लिहिणं हे केयूरचं काम. बँकेचा करार महिनाअखेर संपत होता. तो पुढे चालू राहिला नाही, तर टीम लीडर गार्गीपासून केयूरपर्यंत सगळे घरी बसणार होते.

"लाल आहे कारण बिघाड आहे," केयूर म्हणाला.

"बिघाड असू दे रे. लाल कशाला पाहिजे?"

"मग काय करू?"

"रंग तूच ठरवतोस ना? मग ठरव."

केयूरने ठरवलं. मुलुंडच्या शाखेतलं एक यंत्र रोज तापायचं. जे रोज होतं तो बिघाड नव्हे, ती सवय, असं म्हणून त्याने ते पांढरं केलं. बोरिवलीची लाइन सारखी तुटायची आणि आपोआप जुळायची. जुळते आहे, म्हणजे चालू आहे. तीही पांढरी. अंधेरीच्या शाखेचं बॅकअप कित्येक दिवस झालं नव्हतं. इथे तो जरा थांबला. पण इतके दिवस कोणाचं अडलं नाही, म्हणजे आजही अडणार नाही, हे त्याला पटलं. एकदा हात बसल्यावर काम भराभर उरकलं.

पांढरे निरोप भिंतीवर दिसत नसत. जेवणाच्या सुट्टीत गार्गी डबा घेऊन आली, तेव्हा स्क्रीन कोरा होता.

"हा बंद पडला का?"

"नाही. सगळं ठीक आहे."

"इतकं ठीक? बँकेच्या मॅडम म्हणतील, काही होतच नाही तर हे लोक करतात काय. थोडं हलतं दिसू दे, यार. सगळे ग्रुप ऑन कर."

केयूरने यंत्रणेतले निरोपांचे सगळे ग्रुप चालू केले. ऑफिसच्या प्रिंटरची शाई संपत आल्याचा एक पिवळा निरोप वर आला. गार्गीला तो आवडला. लक्ष आहे असं वाटतं, पण काळजी वाटत नाही, असा रंग होता.

घाईत केयूर एक गोष्ट विसरला. त्यातला एक ग्रुप बँकेचा नव्हता. तो त्याच्या वडिलांचा होता.

केयूरची आई, कुंदा, गेल्यापासून अण्णा घाटकोपरच्या घरात एकटेच राहत होते. पवईला मुलाकडे यायला तयार नव्हते. "इथे कुठला डबा कुठे आहे ते मला माहीत आहे," एवढंच म्हणत. मग केयूरने त्यांच्या बाथरूममध्ये आणि स्वयंपाकघरात सेन्सर बसवले. त्यांचे निरोप कुठेतरी यायला हवेत म्हणून ते ऑफिसच्याच यंत्रणेत जोडून टाकले आणि त्या ग्रुपला 'घाटकोपर' असं नाव दिलं.

बँकेच्या जनरल मॅनेजर रत्नप्रभाबाई आल्या. त्यांनी चहा घेतला, प्रिंटरच्या शाईची चौकशी केली, आणि करार वाचायला चष्मा लावला. तेवढ्यात स्क्रीनवर लाल पट्टी आली.

'घाटकोपर. बाथरूम. दार बंद. बराच वेळ हालचाल नाही.'

केयूरने ओळखलं, हे अण्णांचं बाथरूम. पण गार्गी त्याच्याकडे बघत होती, बाईंच्या हातात पेन होतं, आणि त्याचे हात कीबोर्डवर होते. सकाळपासूनची सवय त्याच्या हातांना लागली होती. त्याने पट्टी पांढरी केली. ती दिसेनाशी झाली.

"आत्ता तिथे लाल काहीतरी होतं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"मॅडम, त्याचं वर्गीकरण झालं."

"आमच्या घाटकोपरच्या शाखेत बाथरूममध्ये माणूस हलत नाही. याचं वर्गीकरण काय झालं?"

"फक्त माहितीसाठी."

"कोणाच्या?"

केयूर टेबलाखालून अण्णांना फोन लावत होता. नुसती रिंग जात होती. बाईंनी आपला फोन काढला, घाटकोपर शाखेचा मॅनेजर प्रज्योत याला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"प्रज्योत, बाथरूममध्ये कोण आहे बघ."

"मॅडम?"

"विचारू नकोस. बघ."

थोड्या वेळाने प्रज्योतचा आवाज आला. "दार आतून बंद आहे, मॅडम. हाका मारल्या. आम्ही तिघं आहोत इथे. आतून कोणी ओ देत नाही."

"तोडा."

"नवीन दार आहे, मॅडम. अजून बिल पास नाही झालं."

"तोडा म्हणते ना."

मोठा आवाज झाला.

"मॅडम, कर्ज विभागातला श्यामसुंदर आहे. बरा आहे."

"मग ओ का देत नव्हता?"

"कानात हेडफोन आहेत. दुसऱ्या बँकेचा इंटरव्ह्यू देतोय. ते लोक लाइनवरच आहेत अजून."

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, आवाज कसला झाला."

गार्गी पाणी प्यायली. केयूरने पुन्हा अण्णांना फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. आता उठून सरळ निघावं, करार गेला तर गेला, असं म्हणून त्याने खुर्ची मागे सारली. आणि स्क्रीनवर दुसरी लाल पट्टी आली.

'घाटकोपर. स्वयंपाकघर. धूर.'

केयूर मटकन खाली बसला आणि हसला. आज बुधवार होता. अण्णा बुधवारी सुके बोंबील भाजत. कुठलाही लाल निरोप त्याला आजवर इतका आवडला नव्हता.

"स्वयंपाकघर?" बाईंनी विचारलं.

"पॅन्ट्री, मॅडम," गार्गी म्हणाली. "आम्ही सगळं मराठीत ठेवतो."

"शाखेत आग लागलीय आणि हे हसतायत?"

"तसं नाही, मॅडम," केयूर म्हणाला. "धूर आहे, म्हणजे आत कोणीतरी चालतंफिरतं आहे."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग फोनकडे वळून म्हणाल्या, "प्रज्योत, सगळ्यांना बाहेर काढ."

"एक आजी उठत नाहीत, मॅडम. म्हणतात, टोकन आलं की उठते."

"टोकन देऊन बाहेर काढ."

शाखा रस्त्यावर आली. धूर कुठेच सापडला नाही. मात्र मागच्या दारासमोर दोन कपाटं उभी असल्याचं सापडलं. कोणालाच त्या दाराने बाहेर पडता आलं नव्हतं.

रत्नप्रभाबाईंनी फोन बंद केला. श्यामसुंदर काय करतो आणि ती कपाटं कुठे आहेत, हे त्यांच्या ऑडिटवाल्यांना कधी दिसलं नव्हतं, ते या लोकांनी पवईत बसून पाहिलं होतं. त्यांनी करारावर सही केली आणि वर सगळ्या शाखांच्या बाथरूममध्ये हीच सोय मागितली.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "माणसाचा लाल निरोप आला, तर कोणीतरी जाऊन बघून आल्याशिवाय तो पांढरा करायचा नाही."

"आमचं धोरणच आहे ते," गार्गी म्हणाली.

केयूर रिक्षा करून घाटकोपरला पोचला. अण्णांनी दार उघडलं, ते हातात चिमटा घेऊनच.

"आत्ता कसा रे? नोकरी गेली काय?"

"फोन का नाही घेतलात?"

"आवाज बंद होता. झोपलो होतो."

"आणि बाथरूममध्ये काय झालं होतं?"

"काही नाही. तो तुझा लाल दिवा आंघोळीच्या वेळी बघत बसतो. त्याच्यावर पंचा टाकला आणि दार ओढून घेतलं."

केयूरने त्यांना झालं ते सगळं सांगितलं. अण्णा ऐकता ऐकता बोंबील उलटत होते.

"म्हणजे मी लाल होतो?"

"हो."

"मग?"

"मग मी पांढरं केलं. मॅडम समोर होत्या, अण्णा."

अण्णांनी गॅस बारीक केला. मग त्यांनी दुसरी ताटली काढली.

"आणि त्या बँकेतल्या माणसाकडे कोणी गेलं का बघायला?"

"तिघं गेले. दार तोडून आत शिरले."

"नवीन दार?"

"हो. नवीनच होतं."

अण्णांनी त्याच्या ताटलीत एक बोंबील वाढला.

"चांगली बँक आहे," ते म्हणाले. "माझं खातं तिकडे काढून दे."