फुललेला खाखरा

आमच्या बडोद्यातल्या तरसालीच्या सोसायटीतले टिपणीसकाका दर फाल्गुनात पावागढला जातात आणि देवीचं दर्शन न घेताच परत येतात. अर्ध्या डोंगरावर, माचीच्या जरा अलीकडे एक पळस आहे. त्याच्याखाली दोन तास बसायचं आणि उतरायला लागायचं. काकू गेल्यापासून हे असंच चाललंय. कोणी कारण विचारलं तर म्हणतात, "देवी कुठे पळून चाललीय? जाऊ निरांते."

निरांते, म्हणजे सावकाश, हा त्यांचा लाडका शब्द. उभी नोकरी बडोद्यात काढल्यावर माणसाच्या मराठीत एवढी गुजराती मुरतेच. रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे निवृत्तीनंतरही कुठलंच वाहन ते सहजासहजी सुटू देत नाहीत. रिक्षा असो की माझी मोटार, आधी मागे जाऊन बघणार, हात वर करणार, मग बसणार. रोपवेचा त्यांना भारी राग. "ज्याला गार्डचा डबा नाही, त्यात मी पाय ठेवत नाही."

यंदा मात्र निरांतेची सोय नव्हती. काकांचे गुडघे कामातून गेलेले, आणि होळी झाली की मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार. "एकदा झाडापाशी पोचव," ते मला म्हणाले, "मग कुठे न्यायचं तिथे न्या." मी शाळेत रजा टाकली. मुलांना भूमितीपासून एक दिवस सुटका मिळाली, तेवढंच पुण्य.

ऊन अजून कोवळं होतं. पडक्या तटाच्या कडेने पळस उभे होते, अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. वाट इतकी शांत की एखादं फूल गळलं तरी ऐकू यायचं. काका दहा पायऱ्यांगणिक थांबत. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की आपण चढतच नाही, डोंगरच हळूहळू खाली येतोय.

"लग्नानंतरचा पहिला फाल्गुन," एका थांब्यावर काका बोलू लागले. "मालती बडोद्यातच, मांडवीत वाढलेली. म्हणाली, अहो, खाखरा फुललाय, दाखवा ना. मी साताऱ्याचा. इथे पळसाला खाखरा म्हणतात हे मला काय ठाऊक? मला खाखरा म्हणजे खायचा, ती कडक भाजलेली पोळी. मांडवीतली चार दुकानं पालथी घातली, फुललेला खाखरा द्या म्हणून. शेवटचा दुकानदार म्हणाला, 'फूले ए तो रोटली कहेवाय, भाई.' घरी सांगितलं तर ही हसून हसून बेजार. मग तिनेच मला इथे आणलं."

झाडाखाली दोन दगड होते. काका एकावर टेकले. मी दुसऱ्याकडे वळले तर म्हणाले, "त्याच्यावर नको, तिचा आहे." मी मुळावर बसले.

"शेवटच्या वर्षी तिला इथून पुढे चढवेना. म्हणाली, तुम्ही दर्शन करून या, मी बसते. गेलो. वर ही रांग. परत आलो तर म्हणाली, एकटीला फार वेळ वाटला हो. श्रावणात गेली. तेव्हापासून तिला इथे सोडून वर जायला मन घेत नाही." त्यांनी वर देवळाकडे पाहिलं. "पण बडोदं सोडायच्या आधी देवीला सांगायला हवं. आज माचीवरून त्या रोपवेने जातो. तू बसशील इथे? तिला एकटं नको वाटायला."

"निरांते जाऊन या," मी म्हटलं. काठी टेकत ते गेले आणि मी त्यांच्या दगडावर बसले.

मी असल्या गोष्टी मानत नाही. भूमिती शिकवते. तासाभराने एक घामाघूम गृहस्थ आले आणि शेजारच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "बेन, अहीं कोई बेठुं छे?"

"हा," मी म्हटलं, "मारां काकी बेठां छे."

त्यांनी रिकाम्या दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चपला काढून पलीकडे जमिनीवर बसले.