डेडस्टॉकमधला फणस

हवामान आणि पर्यावरण शिक्षण परिषदेत मुख्य वक्त्या डॉ. नीला कर्णिक यांचं चाळीस मिनिटांचं बीजभाषण चार वाक्यांत संपलं आणि टाळ्या एका फणसाला पडल्या. पण चारकोपच्या त्या कॉलेजच्या अहवालात ‘कार्यक्रम नियोजनाप्रमाणे पार पडला’ असं सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं आहे. म्हणजे हे घडलंच नाही. तेव्हा ते विसरून आपण त्या दिवशीच्या सकाळकडे जाऊ. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं आणि सुबोध परब ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून एक रोप मागत होता.

सुबोध तिथे सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला निरोप. यंदा प्राचार्या वसुधा मॅडम म्हणाल्या होत्या, “परिषद नीट पार पाड, कायम करायच्या यादीत तुझं नाव घालते.” वक्त्या वेळेवर निघाल्या होत्या, माईक चालत होता. राहिलं होतं ते पुष्पगुच्छाऐवजी द्यायचं रोप.

“नवीन घेता येणार नाही,” क्लार्क दीप्ती म्हणाली. “डेडस्टॉक रजिस्टरला एक आहे. टेबलं, पंखे, त्याच्याखाली ‘रोप, फणस, नग एक’. एक असताना दुसऱ्याला मंजुरी मिळत नाही.”

“अगं, पण ते जिवंत आहे.”

“त्याला मी काय करू? जिवंत वस्तूंचं रजिस्टर नाही आपल्याकडे.”

“मग मी माझ्या खिशातून आणतो यार.”

“आण ना. ऑडिटवाले विचारतील, एक असताना दुसरं कुठून आलं. तेव्हा सही कोण करणार? तासिकावाल्याची चालत नाही.”

रजिस्टरमधला तो नग मुळात सुबोधच्याच घरचा होता. पहिल्या परिषदेच्या वेळी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ पर्यावरणवाल्यांना कसा द्यायचा, हा प्रश्न ऐनवेळी कुणाला तरी पडला. सुबोधच्या आईने, शेवंतीबाईंनी, गावच्या फणसाची एक आठळी दह्याच्या डब्यात खोचली होती. तिला दोन पानं फुटली होती. “गॅलरीत फणस वाढता काय रे?” त्या म्हणाल्या. “मास्तर झालंस मा, ने तुझ्या कॉलेजात.” सुबोधने तो डबा रिक्षात तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून नेला. त्या पहिल्या वर्षीही वक्त्या असलेल्या नीला कर्णिकांनी तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, तेव्हा सुबोधला वाटलं, आपल्या नोकरीची सुरुवात फार झकास झाली.

विमानात चालत नाही म्हणून नीला मॅडम डबा टेबलावरच ठेवून गेल्या. पुढच्या वर्षीचे वक्ते तो चहापाशी विसरले. मग तसाच पायंडा पडला. शिपाई रामनाथ वर्षभर पाणी घालायचा, परिषदेला तेच रोप द्यायचे, पाहुणे ते ठेवून जायचे, आणि रामनाथ त्यांच्या नावाची चिठ्ठी फांदीला बांधायचा. लॉकडाऊनच्या वर्षी त्याने रोप लॅपटॉपसमोर धरलं, तर नागपूरच्या वक्त्यांनी पडद्याकडे दोन्ही हात पुढे केले आणि रिकामेच मागे घेतले.

सुबोध आपली वर्षं त्या पानांवरून मोजायचा. दहा पानं होती तेव्हा डोक्यावर केस होते. डबा जाऊन बादली आली त्या वर्षी बॉटनीची नेत्रा दुसरीकडे कायम झाली, आणि दुपारी डबा वाटून खायला कुणी उरलं नाही. तिने जाताना त्याला विचारलं होतं, “तू कधी रे?” तो म्हणाला होता, “पुढच्या वर्षी.”

“रोप?” सुबोधने त्या सकाळी विचारल्यावर रामनाथ म्हणाला. “साहेब, तुम्ही बऱ्याच दिवसांत ग्रंथालयाच्या मागे गेला नाहीत वाटतं.”

तिथे, गेल्या परिषदेनंतर बादलीतून निळ्या ड्रममध्ये गेलेला फणस सात फुटांचा होऊन उभा होता.

दुसरा इलाज नव्हता. सहा विद्यार्थी लागले. सभागृहाच्या दाराची एक फळी बिजागरीतून काढावी लागली. मंचावर ड्रम मावेल अशी एकच जागा होती, पडद्याच्या बरोब्बर समोर.

“सुबोध, हे काय आहे?” पहिल्या रांगेतून वसुधा मॅडमनी विचारलं.

“रोप, मॅडम.”

“हे रोप आहे?”

“रजिस्टरला तसंच आहे.”

निवेदिकेने कागदावर होतं तसं वाचलं, “आता प्राचार्या मॅडम पाहुण्यांच्या हाती रोप सुपूर्द करतील.” दोघींनी एकेक पान धरून फोटो काढला. मग नीला मॅडम पडद्यावरचं आपलं पहिलं चित्र दिसावं म्हणून फांदी बाजूला करायला गेल्या आणि चिठ्ठ्या दिसल्या. सगळ्यात खालच्या, विटलेल्या चिठ्ठीवर त्यांचंच नाव होतं.

“हे ते दह्याच्या डब्यातलं?” त्यांनी हळूच विचारलं. माईक चालू होता.

“हो मॅडम,” कडेला उभा असलेला रामनाथ म्हणाला. “तुम्ही विमानात चालत नाही म्हणालात ना.”

नीला मॅडमनी चष्मा काढला.

“मी तेव्हाही अंधेरीलाच राहायचे,” त्या म्हणाल्या. “विमान नव्हतं. गाडीची सीट खराब होईल असं वाटलं होतं. आणि गेली सात वर्षं मी देशभर झाडं लावा म्हणून सांगत फिरतेय.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. आधी रामनाथने टाळी वाजवली, मग सभागृहाने. गेल्या वर्षीचे वक्ते डॉ. देवेश यंदा अध्यक्ष म्हणून मंचावर होते. त्यांनी आपली चिठ्ठी हळूच खुडून खिशात घातली.

नीला मॅडमनी फणस न्यायला टेम्पो बोलावला. गेटवर दीप्ती उभी होती.

“पाहुण्यांना रोप देतात ते मंचापर्यंत. गेटबाहेर न्यायचं तर निर्लेखन लागतं, रजिस्टरातून नाव कमी करावं लागतं. त्यासाठी वस्तू निकामी असावी लागते.”

सगळ्यांनी फणसाकडे पाहिलं. त्याला नुकतीच पालवी फुटली होती.

“मग इथेच आवारात लावू या,” सुबोध म्हणाला.

“वस्तू जमिनीत पुरली तर गहाळ धरतात.”

फणस ग्रंथालयामागे परत गेला. संध्याकाळी वसुधा मॅडम म्हणाल्या, “भाषण चार वाक्यांचं झालं, सुबोध. यादीचं पुढच्या वर्षी बघू.” हे त्याने दहा पानांच्या वर्षीही ऐकलं होतं. तो जाऊन ड्रमपाशी बसला, मांडीवर कागद घेतला आणि लिहिलं:

‘मा. प्राचार्या यांस, उपरोक्त फणस आठही परिषदांना विनारजा उपस्थित असून, दरवर्षी मंचापर्यंत नेऊन परत आणला जातो. तरी त्यास डेडस्टॉकमधून कमी करून सेवेत कायम करावे व मुळे टेकण्यापुरती जमीन मंजूर करावी. अर्जदाराची परिस्थिती याहून वेगळी नसल्याने दोघांचा विचार एकाच बैठकीत व्हावा, ही नम्र विनंती.’