सहावा वाडगा

आर्ट गॅलरीच्या बाई चार वाजता येणार होत्या आणि बाबा साच्यावर दुपारीच बसले.

चपलेचा पट्टा लावायला ते मुलीच्या कामाच्या खोलीत शिरले. गोणपाटाखाली काहीतरी बुटकं, गोलसर दिसलं. बाबांनी ते स्टूल समजून त्यावर अंग टाकलं. आत प्लास्टरचा पोकळ साचा होता आणि बाबा काही पोकळ नव्हते. त्यामुळे साच्याचं काय झालं ते सांगायला नको.

मुलगी कुंभारकाम करायची. चाक होतं, भट्टी होती, हातावर कायम वाळलेली माती होती. बाबा या सगळ्याला 'चिखल' म्हणत आणि एरवी या खोलीकडे फिरकतही नसत. त्या साच्यावर लाटलेली माती पसरायची, जरा घट्ट झाली की अलगद उचलायची, की वाडगा तयार. भाजून, निळसर झिलई देऊन असे पाच वाडगे झाले होते. बाईंनी त्यांचे फोटो पाहिले होते. सहावा त्यांच्यासमोर साच्यावरून उतरवायचा होता. तो आवडला, तर तिच्या एकटीचं पहिलं प्रदर्शन. शिवाय "तुमच्यावर प्रभाव कोणाचा?" हेही बाईंना ऐकायचं होतं. त्यासाठी मुलीने आरशासमोर उभं राहून उत्तर पाठ केलं होतं. त्यात शांतता होती, क्षितिज होतं आणि दूरच्या बेटांवरचे जुने कुंभारही होते.

आता त्या साच्याचे तुकडे तिच्या पुढ्यात पडले होते. नवा साचा ओतून वाळायला वेळ नव्हता. तिने पुठ्ठ्यातून कापलेलं गोलाईचं माप घेतलं आणि घर पालथं घातलं. कुकर उभट निघाला, फुटबॉल मोठा पडला, शेजाऱ्यांचं हेल्मेट मागून चपटं होतं. अपराधी चेहऱ्याने बाबा खाली मान घालून बसले होते. आई त्यांच्या टकलाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने लेकीच्या हातातला पुठ्ठा घेऊन तो सरळ नवऱ्याच्या डोक्यावर टेकवला. कुठे फट म्हणून राहिली नाही.

"काय करतेस काय?" बाबा म्हणाले.

"तुम्ही मोडलंत, तुम्हीच भरून द्या," आई म्हणाली.

मुलीचे डोळे असे काही चमकले की बाबांना नाही म्हणवेना. त्यांना खुर्चीत बसवलं, डोक्यावर ओलं फडकं घातलं आणि लाटलेल्या मातीची थंडगार पोळी वर पसरली. मुलीने कडा दाबल्या, लाकडी थापीने हळूहळू थोपटलं. इतका वेळ वडिलांच्या डोक्यावर थापट्या मारायची संधी कुठल्या लेकीला मिळते? तिला हसू आवरेना. बाबांना मात्र मान हलवायची बंदी होती. नाकाला खाज सुटली की ते आईला खुणावत, आणि आई आपल्या सवडीने खाजवून देई.

माती लवकर घट्ट व्हावी म्हणून केस वाळवायचं यंत्र लावलं आणि तिथेच चूक झाली. माती वाळली की आकसते. साच्यावर ठीक आहे, साचा बोलत नाही.

"अगं, हे घट्ट होतंय. कानाच्या वरून आवळतंय," बाबा म्हणाले.

मुलीने कड उचलून पाहिली. वाडगा हलेना. ओढला तर चिरणार आणि चिरला तर प्रदर्शन गेलं. एवढ्यात दाराची घंटी वाजली. बाई तासभर आधीच आल्या होत्या.

आईने दुसरं काही न सुचून बाबांवर चादर टाकली. बाई आत आल्या, मांडलेले पाच वाडगे एकेक हातात घेऊन बघितले आणि प्रभावाचं विचारलं. मुलीने घसा साफ केला. "माझ्या कामात मुख्य आहे ती शांतता. या घरातली शांतता माझ्या हातांत उतरते."

"शांतता? या घरात?" चादर म्हणाली.

बाईंच्या हातातला वाडगा पडता पडता वाचला. आईने कपाळाला हात लावला. मुलीने चादर काढली आणि पाठ केलेलं सगळं विसरून जे घडलं ते एका दमात सांगून टाकलं. सांगताना तिला वाटत होतं, संपलं सगळं. पण बाईंनी पर्स ठेवली, बाह्या सरसावल्या आणि त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"कडेखाली ओला स्पंज फिरवा, माती सैल होईल. मी इकडून धरते. काका, श्वास सोडा."

दोघींनी मिळून तो असा उचलला की एक चीरसुद्धा गेली नाही. बाईंनी तो उजेडात फिरवला. एका बाजूला किंचित उंचवटा होता, मागे हलकासा खोलगट भाग होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"ते पाच सुबक आहेत," त्या म्हणाल्या, "पण ते कोणाचेही असू शकतील. हा तुमचाच आहे. प्रदर्शन करू या. पण सगळे याच साच्याचे हवेत."

मुलगी आनंदाने अक्षरशः नाचली आणि मातीच्या हातांनी तिने बाबांना मिठी मारली. बाबांच्या कपाळावर लाल वळ उमटला होता, पण मान ताठ होती.

त्या दिवसापासून घरात बाबांचा थाट काही विचारू नका. माळ्यावरची बॅग काढायची नाही, डोक्याला लागलं तर? उन्हात भाजी आणायला जायचं नाही, साचा तापेल. तिसऱ्या दिवशी आईने लेकीला स्वयंपाकघरात गाठलं.

"यांच्या डोक्यावरून एकदाच प्लास्टरचा साचा काढून घे आणि मला सोडव. किती वेळ लागेल?"

"तासभर," मुलगी म्हणाली. "पण प्लास्टर संपलंय गं."

प्लास्टरचं भरलेलं पोतं दोघींच्या समोर, दाराआड उभं होतं. आई काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून बाबांनी लेकीला हाक मारली. "ठकू, उद्या कितीला बसायचं कामाला? आणि ती निळी झिलई कशी करतात, तेही जरा दाखव मला."

आईने लेकीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली जुनी चादर उचलून तिने पोत्यावर नीट पांघरली.

"नऊला बसा," तिने बाहेर ओरडून सांगितलं. "चहा आधी देते."