पंचू सारांची पंगत

रोग्याच्या पोटात रबरी नळी घालायची असली, की आमचे पंचू सार तसलीच दुसरी नळी आधी स्वतः गिळत. रोग्यासमोर स्टूल ओढायचं, मान वर करायची आणि बोरूएवढी जाड नळी शेवयांसारखी आत सोडायची. "भयप्पडादींग," घाबरू नका, असं त्यांना म्हणायचं असे. पण नळीमुळे तोंडातून निघे तो वंगण संपलेल्या बैलगाडीचा आवाज. रोगी खो खो हसे. हसून झालं की घसा सैल पडतो, तेवढ्यात त्याचीही नळी आत जाई.

मग दोघं नळ्या लोंबवत समोरासमोर बसत. मी अधूनमधून रोग्याच्या पोटातला रस पिचकारीनं ओढून तपासायला पाठवी. एकदा गडबडीत मी सारांचाच रस ओढला. रिपोर्ट वाचून सार गंभीरपणे म्हणाले, "आम्ल फार आहे. हा गृहस्थ वेळेवर जेवत नाहीं."

त्यांचं पूर्ण नाव पंचापकेशराव; 'सार' म्हणजे मद्रासकडचं 'सर'. तंजावरचे मराठी, घराणं कित्येक पिढ्या तिकडेच रुजलेलं. मी नागपूरहून नवा डॉक्टर होऊन मद्रासच्या इस्पितळात त्यांच्या हाताखाली आलो, तेव्हा त्यांचं मराठी ऐकून मला एखादी जुनी बखर सांबारात बुडवल्यासारखी वाटे. गॅस्ट्रोएंटरॉलॉजी हा शब्द तेव्हा डॉक्टरांनाही एका दमात म्हणता येत नसे. लोक त्यांना सरळ 'वयिरु डॉक्टर' म्हणत, म्हणजे पोटाचे डॉक्टर.

हे काम फार ऐकण्याचं. छातीत दुखलं तर माणूस ऐटीत सांगतो, पण शौचाचं सांगताना खाली बघतो. सार घाई करत नसत. रोगी अडखळला की हलकेच म्हणत, "पुढें?" बाहेर रांग वाढे, दुपार टळे, डब्यातला भात आंबे, सारांचं "पुढें?" चालूच. एक म्हातारी फुलवाली तर सुनेच्या भांडणापासून सुरू झाली. मी घड्याळ बघू लागलो. सारांनी तिसऱ्यांदा "पुढें?" म्हटल्यावर तिनं पदराआड सांगितलं की काळं शौच होतं. म्हणजे पोटात रक्त वाहत होतं. वेळेवर कळलं म्हणून ती वाचली. ते ऐकणं मी त्यांच्याकडून शिकलो. आजही माझ्यापुढे कुणी अडखळलं की माझ्या तोंडून तोच शब्द येतो.

पण ह्याच शब्दानं त्यांचा घात केला. एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. सारांनी पानावरच्या पायसमचा, म्हणजे खिरीचा, पहिला भुरका मारला आणि शेजारच्या मामांनी आपल्या बद्धकोष्ठाची हकीकत काढली. सवयीनं सार म्हणून गेले, "पुढें?" झालं! समोरच्या ओळीतले दोघे पान सोडून उठून आले. वाढप्यानं बादली खाली ठेवून मुरड्याचं विचारलं. सारांचं पायसम पानभर पसरलं.

जे विचारत नसत, ते त्यांना बघून लोणचं लपवत. हळूहळू लोकांनी त्यांना जेवायला बोलावणं सोडलं, की त्यांनीच जाणं सोडलं, कोण जाणे.

त्याच वर्षी मला कावीळ झाली. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात मी राहत असे, त्या लॉजमध्ये एकटाच पडलो होतो. सार आले, माझे डोळे पाहिले आणि टॅक्सीवाल्याला म्हणाले, "ह्यांची ट्रंक घ्या."

मैलापूरच्या त्यांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते स्वतः भात करत, बिनतेलाचं रसम करत, माझ्या खाटेजवळ दोन पानं मांडत आणि समोर बसत. पहिल्याच संध्याकाळी मी सुरुवात केली, "सार, आज सकाळपासून पोटात…"

त्यांनी हात वर केला. "जेवणावर नाहीं. तुमच्या नागपुरास संत्रीं कशीं होतात, तें सांगा."

मी संत्र्यांचं सांगितलं. मग आईच्या हातच्या वड्याभाताचं, थंडीतल्या हुरड्याचं. सार लहान मुलासारखे ऐकत. ते कावेरीत पोहण्याच्या गोष्टी सांगत आणि हसताना त्यांना ठसका लागे. इस्पितळात इतकं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

काही आठवड्यांनी मला कडकडून भूक लागू लागली. मी विचारलं, "सार, आता कामावर येऊ का?"

त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, डोळ्याची पापणी खाली ओढून उजेडात नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पिवळेपण गेलें," ते म्हणाले. मग मांडलेल्या दोन पानांकडे वळून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "पण घाई कशास? सावकाश बरे व्हा."

मी पानावर बसलो. लॉजवर ट्रंक पाठवायचं काही बोललो नाही. म्हणालो, "सार, आज भात थोडा जास्त वाढा."