डिफरेन्शियल अजून ठरत नाही

हेडक्लार्कने मेकॅनिकला पहिल्याच दिवशी खरं उत्तर दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. निवृत्त होताना त्याने आणि बायकोने हौसेने एक जुनी पिकअप घेतली होती. शहराबाहेर जमिनीचा तुकडा घेऊ, रोपं लावू, खत-माती वाहू, असा बेत होता. मग बायको गेली आणि बेतही गेला. उरली ती पिकअप, आणि आता तिच्याही मागच्या ॲक्सलमधून घरघर यायला लागली होती.

"डिफरेन्शियल गेलंय," गाडीखालून सरपटत बाहेर येत मेकॅनिक म्हणाला. "नवीन बसवावं लागेल. गाडी कुठे चालवता? डांबरी रस्त्यावर, की डोंगरात, चिखलात?"

खरं उत्तर होतं : घर ते भाजीमंडई, आणि तेही आठवड्यातून एकदा. पण चारचौघांत हे सांगायचं म्हणजे पंचाईत. (माणूस एवढी पिकअप बाळगतो आणि तिच्यातून पालकाच्या दोन जुड्या आणतो!) "विचार करून सांगतो," तो भारदस्त आवाजात म्हणाला.

"करा की. बसा." मेकॅनिकने पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं आणि समोरच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर केली.

चहा आला. बायको गेल्यापासून दुसऱ्या कुणी आणून हातात दिलेला हा पहिला चहा. हेडक्लार्कला एकदम भरून आलं. चहा फार गरम आहे, असं सांगून त्याने डोळे पुसले.

"हे बघा साहेब," मेकॅनिक समजावू लागला, "साधं डिफरेन्शियल घेतलं तर वळणावर दोन्ही चाकं आपापल्या वेगाने फिरतात, गाडी अलगद वळते. पण एक चाक चिखलात रुतलं, की ते नुसतं गरगरत बसतं आणि गाडी जागची हलत नाही. लॉकर घेतलं तर दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. एक रुतलं तर दुसरं ओढून काढतं. मात्र रस्त्यावर वळताना टायर किंचाळणार आणि झिजणार."

"मधलं काही नसतं का?"

"असतं की. लिमिटेड स्लिप."

"अरे वा!" हेडक्लार्क म्हणाला. तीन पर्याय म्हणजे निदान तीन दिवसांची सोय झाली.

कारण घरी काय होतं? दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसे आणि दुसरीवर वर्तमानपत्र ठेवी, म्हणजे ती रिकामी दिसत नसे. टीव्हीवरची बातमी देणारी बाई "नमस्कार" म्हणाली की तोही "नमस्कार" म्हणे. (दोनदा त्याने तिला "बरी आहेस ना" असंही विचारलं होतं.)

नोकरीभर त्याने दुसऱ्यांच्या फायली लोंबकळत ठेवल्या होत्या. ती कला आता स्वतःच्या कामी आली. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आणि हा रोज एक नवी शंका घेऊन हजर. चढावर काय होईल? ओल्या डांबरावर? आणि रिव्हर्समध्ये? मेकॅनिक न कंटाळता उत्तर देई आणि दोन बोटं वर करी. निर्णय झाला की बिल आणि बिल झालं की रामराम, हे हेडक्लार्कला पुरतं कळून चुकलं होतं.

दूरच्या शहरातून मुलीचा फोन आला. "बाबा, विकून का टाकत नाही ती गाडी?"

"डिफरेन्शियलशिवाय कोण घेणार?"

"मग बसवून घ्या."

"तेच तर! कुठलं बसवू?"

"बाबा, माझी मीटिंग आहे हो."

हळूहळू इतर गिऱ्हाइकं त्याला 'डिफरेन्शियलवाले साहेब' म्हणू लागली. तिथेच घात झाला. एकदा मेकॅनिक सामान आणायला गेलेला असताना दूधवाला आला. "साहेब, गोठ्याच्या वाटेवर गुडघाभर चिखल असतो. टेम्पोला कुठलं बसवू?"

हेडक्लार्कचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरात नाही, ऑफिसात तर नाहीच. त्याने मान ताठ केली. "लॉकर. डोळे झाकून लॉकर."

मेकॅनिक परत आल्यावर नको नको म्हणत होता, पण दूधवाला हटून बसला. लॉकर बसलं. टेम्पो चिखलातून ऐटीत बाहेर आला आणि पहाटेच्या गल्लीबोळांत शिरला. प्रत्येक वळणावर टायर असे किंचाळले की माणसं अंथरुणातून उठून दारात आली. दवाखान्यापाशी तर अपघात झाला समजून दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावले आणि दूधवाल्याला त्यावर निजवूनच थांबले. चार दिवसांत टायर गुळगुळीत.

"कुठे आहेत ते डिफरेन्शियलवाले साहेब?" दूधवाल्याचा आवाज फाटकातच ऐकू आला. साहेब तेव्हा पिकअपच्या मागे उकिडवे बसले होते.

दूधवाल्याची समजूत काढून मेकॅनिक पिकअपमागे आला. "साहेब, लोकांचं झटक्यात ठरवता, मग स्वतःचं का नाही? आज ठरवा, नाहीतर गाडी घेऊन जा."

"ठरवलं तर उद्या मी कुठे जाऊ?" हेडक्लार्कच्या तोंडून निघून गेलं.

मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. "साधं बसवतो," तो म्हणाला.

गाडी अशी चालू लागली की विचारता सोय नाही. ना घरघर, ना खडखड. हेडक्लार्क उगाचच मंडईला जाऊन आला, पुन्हा जाऊन आला. फ्रिजमध्ये पालक सडला, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. इतकी गुणी गाडी वैऱ्यालाही मिळू नये, असं त्याला वाटलं. अखेर कुठलंच कारण न घेता, निव्वळ लाज सोडून तो गॅरेजवर गेला.

स्टुलावर दुसराच एक वयस्कर माणूस बसला होता. हातात चहा.

"हे रिटायर्ड कंडक्टर," मेकॅनिकने ओळख करून दिली. "क्लच ठरवतायत." कंडक्टरने ओशाळून मान हलवली. "सकाळी वकीलसाहेब असतात, त्यांचं सायलेन्सरचं चाललंय. दुपारची वेळ तुमची होती. तुमचं ठरलं, म्हणून यांना दिली."

ही युक्ती अख्ख्या जगात आपल्या एकट्यालाच सुचली, असा हेडक्लार्कचा समज होता. तो परत वळला.

"साहेब, रविवारी या," मेकॅनिकने मागून हाक मारली. "गॅरेज बंद असतं, पण मी इथेच असतो. घरी तरी कोण आहे माझं? टपरी बंद असते, तेवढा चहा तुम्ही करून आणा."

रविवारी हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून, थर्मास छातीशी धरून वेळेआधीच पोहोचला. मेकॅनिकने एक घोट घेतला, तो तोंडातच धरून थोडा वेळ हेडक्लार्ककडे बघत राहिला आणि मोठ्या कष्टाने गिळला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही रोज इथे का येत होता, ते मला आज कळलं."