चावून नापास झालेलं झाड

समस्त खामगावकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या वामनकाकांनी स्वतःच्या घरातली निम्मी झाडं हद्दपार केली आहेत. आरोप एकच : मांजरीच्या जिवाला धोका. काकांच्या घरात मांजर नाही, ही बाब गौण समजावी.

मांजर आहे ती त्यांच्या मुलीची. वैशू पुण्यात नोकरी करते आणि चिंगीला सोडून कुठेही मुक्काम करत नाही. मागच्या दिवाळीत दोघी आल्या. चिंगीने बैठकीतल्या डिफेनबेकियाचं ठिपकेदार पान चावलं आणि लाळ गाळत पलंगाखाली जाऊन बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी निभावून नेलं. पण वैशू दुसऱ्याच सकाळी निघाली. "बाबा, ही झाडं आहेत तोवर आम्ही नाही येणार."

काकू गेल्यापासून काका झाडांशीच बोलत. त्यांच्यावर असा आळ? काकांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. सरकी दाताखाली धरून ते ओल सांगत. "चाबल्याबिगर माल पास होत नसते!" असं म्हणून त्यांनी आरोपीचं पान तोडलं आणि चावलं.

जीभ भज्यासारखी टम्म फुगली. संध्याकाळपर्यंत काका मुके. आमच्या गल्लीने एवढी शांतता प्रथमच ऐकली.

डॉक्टरांनी दम भरल्यावर चौकशी नुसती तोंडी सुरू झाली. नर्सरीत प्रत्येक कुंडीसमोर एकच सवाल : "हे मांजरीनं चाबलं तं?"

"काका, मांजर पाला खाते काय? ते दूध पिते," नर्सरीवाला म्हणाला.

"तुही मांजर पीत असंन बे! आमची चिंगी खाते!"

मग तिथूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन. मनीप्लांट नापास. पीस लिली नापास. कोरफडीपाशी काका हळहळले, "एवढी गुणाची बाई, अन् मांजरीले चालत नाही!" स्पायडर प्लांट, अरेका पाम आणि बोस्टन फर्न मात्र वाजतगाजत घरी आले.

घरातली नापास मंडळी बिनमांजराच्या घरी वाटली गेली. डिफेनबेकिया आमच्याकडे.

"म्हणजे आम्ही चावलं तर चालतं?" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

"तुम्ही कायले चाबता, वहिनी? तुम्हाले तं सांगून राह्यलो न!"

मागच्या महिन्यात वैशू आली, चिंगीसकट. चिंगीने तासाभरात स्पायडर प्लांटचा खराटा केला. काका गल्लीभर हाका मारत सुटले, "या, या, पाहा! खाऊन राह्यली अन् काहीच नाही झालं!" आम्ही सगळे तो सोहळा चहा पीत पाहत होतो.

दोन दिवसांनी ऑटो दाराशी आला. वैशूने चिंगीला टोपलीत घातलं. काकांनी टोपली उचलली, ऑटोपर्यंत नेली, आणि तिथे सोडेचनात.

"बाबा, द्या ना. गाडी चुकेल."

काका टोपली छातीशी धरून एकदम ओरडले, "हिले इथंच राहू दे न माय! हिच्यासाठी तरी तू येशीन!"